मला विसरायला आठ किलोमीटर

ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे त्याच्याविरुद्ध मी एकदा पत्रक काढलं होतं, हे आधीच सांगून टाकते. पाचशे प्रती, एका बाजूला छापलेल्या, मथळा ठळक: 'राजापेठेतल्या पुरुषी गॅरेजगिरीचा जाहीर निषेध!' खाली तीन मागण्या. माझ्या प्रत्येक पत्रकात तीन मागण्या असतात. दोन असल्या तर प्रश्न किरकोळ वाटतो आणि चार असल्या तर लोक वाचत नाहीत, असं मला पत्रक लिहायला ज्यांनी शिकवलं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कधी कधी तिसरी मागणी बसून शोधावी लागते. या पत्रकातली तिसरी मागणी होती, 'सदर गॅरेजमालकाने समस्त महिलावर्गाची माफी मागावी.' समस्त महिलावर्ग म्हणजे मी.

पहिली प्रत मी स्वतः त्यांच्या हातात नेऊन दिली. ज्याचा निषेध करायचा त्याला तो तोंडावर कळवावा, मागून वाटू नये, हे माझं तत्त्व. ते एका गाडीखाली आडवे होते. बाहेर आले, बसल्या जागी पूर्ण पत्रक वाचलं, मग कागदाचा कोपरा अंगठा आणि बोट यांत धरून चोळून पाहिला.

"कागद जाड आहे," ते म्हणाले. "मागून कोराबी आहे. अजून किती हायेत तुह्याजवळ?"

"चारशे तरी असतील."

"पन्नास दे मले."

मला वाटलं, पश्चात्ताप झाला, वाटायला मागताहेत. त्यांनी त्यातलं एक उलटं केलं आणि कोरी बाजू वर ठेवून गाडीच्या गिअरबॉक्सखाली सरकवलं. थोड्या वेळानं त्यावर एक थेंब पडला. लाल.

"पाह्य. लाल आहे म्हणजे तेल जितं आहे. भुरकट पडलं तं समजायचं आत काहीतरी जळून राहिलं. पेपरवर अक्षरं असते, रंग समजत नाई. तुह्या निषेधावर चांगला समजते."

माझी पत्रकं आजवर अनेकांनी फेकली, एकानं भेळ बांधायला घेतली, पण त्यांचा इतका नेमका उपयोग कुणी केला नव्हता. मी घरी जाऊन चौथी मागणी लिहायला बसले.

त्यांना सगळे बुवा म्हणायचे. मीही तेच म्हणते. बसच्या वर्कशॉपात फिटर म्हणून आयुष्य काढलेला, काटकुळा, कानांवर केस असलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी राजापेठेत दोन शिकवणी वर्गांच्या मध्ये एक टिनाचं शेड घेतलं आणि फक्त ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या बघायला सुरुवात केली. ज्या गाडीला क्लचचं पायडल आहे ती ते शेडमध्ये घेत नसत. "ते माणसाचं काम माणूस करते, त्यात मी काय सांगू," म्हणायचे.

बुवा हे नाव चपलांमुळे पडलं. त्यांच्याकडे आलेल्यानं चप्पल किंवा बूट घालून गाडी चालवायची नाही, असा नियम होता. बुटानं पाय मुका होतो, असं ते म्हणत. त्यामुळे शेडच्या दारात पादत्राणांची रांग असायची आणि नवख्याला आत देऊळ आहे असं वाटायचं. एकदा एक म्हातारी थांबली, आत अंधारात उघडं बॉनेट दिसलं त्याला तिनं हात जोडले आणि पुढे गेली. बुवांनी आतून हात जोडले. मी हसले तर म्हणाले, "तिचं काय गेलं? बॉनेटचंबी काई गेलं नाई."

गाडी तपासायची त्यांची रीत कुठल्याही गॅरेजात पाहिली नाही. ते स्वतः चालवतच नसत. गाडीवाल्याला अनवाणी स्टिअरिंगवर बसवत आणि आपण मागे डाव्या खिडकीशी मांडी घालून, डोळे मिटून बसत. गिअर बदलला की गुडघ्यावर बोटानं टिचकी मारत. "दोन. तीन. आता कायले परत दोन?" पत्रकानंतरही मी पुरावे गोळा करायला शेडवर जात राहिले; गाडीत पुढे बसून इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्याकडे बघायची, ते चुकतील म्हणून. ते चुकत नसत. दहा मिनिटांनी बोलायला लागले की गाडीबद्दल कमी आणि माणसाबद्दल जास्त बोलत. एका डॉक्टरला म्हणाले, "तुमचा पुढच्या गाडीवर भरोसा नाई. तिचा लाल लाइट लागाच्या आधी तुमचा लागते. गाडीनंबी आता तेच घेतलं. चौथा टाकू का नको, टाकू का नको, असं करून राहिली."

एका ठेकेदाराला म्हणाले, "दाबता, सोडून देता, पुना दाबता. घरीबी असंच बोलता का?" मागे बसलेल्या ठेकेदाराच्या बायकोला हसू आवरेना. ठेकेदार पुढच्या सिग्नलला फारच हळुवार थांबला.

ही बायको गाडीत का होती, यातच माझ्या पत्रकाची फजिती आहे. पहिल्यांदा मी आमच्या गाडीची तक्रार घेऊन एकटी गेले तेव्हा बुवांनी मला परत पाठवलं होतं. "एकट्याची तक्रार मी घेत नाई. घरून कोणालेतरी सोबत आण." मी ऐकलं ते असं: बाई एकटी आली, हिच्या बोलण्याला काय किंमत, कुणी बाप्या घेऊन ये. त्याच संध्याकाळी पत्रकाचा मजकूर तयार झाला. ठेकेदाराला, डॉक्टरला, एका पोलिसालाही त्यांनी याच वाक्यानं घरी पाठवलं होतं, हे मला पत्रक छापून झाल्यावर कळलं. चालवणाऱ्याला आपली गाडी झटके मारते हे नीट सांगताच येत नाही, असं त्यांचं मत होतं. जो शेजारी बसतो, मागे झोपायला बघतो, त्याला विचारावं. "झटका मारणाऱ्याले झटका लागत नसते," ते म्हणाले. मी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं, दुसऱ्या कुणाविरुद्ध वापरायला.

आता आमच्या गाडीचं सांगते, कारण खरा प्रश्न तिचा होता. म्हणजे आईचा होता.

आई फुलांचा धंदा करते. शहराबाहेर दीड एकरात शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. लग्नाचे हार ती स्वतः ओवते. पन्नाशी ओलांडल्यावर तिनं गाडी शिकायचं ठरवलं. ठरवलं तिनं, पण श्रेय मी घेतलं. 'स्टिअरिंग आईच्या हाती' असं एक पत्रकही काढलं. क्लच जमेना म्हणून जुनी ऑटोमॅटिक घेतली. दोन महिने ती घरापासून फूलबाजारापर्यंतचे तीन किलोमीटर छान चालवत होती. आणि तिच्या मनात एक गोष्ट होती. हिवाळ्यात तिच्या भाच्याचं लग्न तेल्हाऱ्याला होतं. तिच्या माहेरी कुठल्याही बाईनं गाडी चालवलेली नाही. थोरल्या मामानं फोनवर थट्टा केली होती, "तू गाडी घेऊन येशीन तं आमी गावातली ढोरं बांधून ठेवतो." आईनं फोन ठेवला. मला म्हणाली, "हार घेऊन मी एकटीच जाईन. अकोल्यावरून. तू नको सोबत."

मग गाडी झटके मारायला लागली. माझ्या हातात नाही, फक्त आईच्या. पाय टेकवला की झेप घ्यायची, पाय उचलला की अडखळायची. राजापेठेच्या चौकात ती एका ऑटोरिक्षाच्या मागच्या बंपरला टेकली. कुणाला लागलं नाही, पण रिक्षावाला चार लोकांसमोर बोलला ते आईला लागलं. घरी येऊन तिनं किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली.

"माह्याच्यानं होत नाई, बाई," ती म्हणाली. "माह्या पायातच काई खोट असन."

मी पेटून उठले. पेटून उठणं मला पटकन जमतं. गाडी सदोष आहे, बनवणारे चोर आहेत, विकणारा चोर आहे, आणि बुवा तर पुरुषी आहेतच. आईचा पाय ठीक आहे हे सिद्ध करायला मी पूर्ण जगाला दोषी ठरवायला तयार होते. जगातून फक्त एक जण वगळला होता.

शेवटी आईच म्हणाली, "त्या बुवांनी कोणाले आण म्हटलं होतं ना? मले ने."

बुवांनी आईला अनवाणी बसवलं, स्वतः मागे बसले, मला शेजारी मागेच बसवलं. राजापेठेचा एक फेरा मारला. टिचक्या मारता मारता मध्येच त्यांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं. मी मागच्या सीटवर बसून पायानं गाडीचा तळ दाबत होते.

"तिथं ब्रेक नाई," ते म्हणाले. "दाबून पाह्यलं मीबी एकदा."

फेरा संपला. मग त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या आधी या गाडीवर सकाळी कोण बसते?"

आई काही बोलायच्या आत मी अभिमानानं सांगितलं. रोज सकाळी मीच गाडी तापवून देते. आमच्या काकांची परतवाड्याला भाड्याची जीप होती. पहिल्या फेरीआधी ते ती दहा मिनिटं पळवून आणायचे, थंड गाडी सवारीला द्यायची नाही म्हणून. ते बघत मी मोठी झाले. म्हणून हल्ली रोज पहाटे आईच्या आधी मी गाडी काढते, शिकवणी वर्गांच्या दारात पत्रकं टाकते, चार गल्ल्या पळवते आणि गरम गाडी आईच्या हातात देते. आईला अंघोळीचं पाणी काढून द्यावं तसं.

बुवांनी दोन्ही डोळे उघडले. ते सहसा एकदम दोन्ही उघडत नसत.

"म्हणजे शिकवते तू, आन् परीक्षेले बसवते आईले," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. मी त्यांचं बोलणं नेहमी तोडायची, त्या दिवशी तोडलं नाही.

"गिअरबॉक्स आंधळं असते. पायावरून पाहते. पायडल किती दाबलं, किती जोरात दाबलं, किती झटक्यानं सोडलं, ब्रेक कधी मारला. दाबूनबी गाडी पळत नाई म्हणजे चढ आहे, मंग मोठा गिअर टाकत नाई. पाय उचलला तरी पळूनच राहिली, वरून ब्रेकवर पाय आला, म्हणजे उतार. मंग खालचा गिअर धरते, इंजिनानं गाडी आवरते. रस्त्याचं झालं. आता माणसाचं. तू दाबते कशी? धाडकन. त्याले वाटते, हा घाईचा माणूस आहे, याले जोर पायजे. मंग ते गिअर उशिरा बदलते, इंजिन तापवून तयार ठेवते. तू उतरते. ताई बसतात. ताईनं अंगठा टेकवला की त्याले वाटते तूच हाय. झेप घेते. ताई घाबरून पाय उचलतात, ते अडते."

"पण आई चालवतेय हे त्याला कळत नाही का?"

"कळते. पण लगेच नाई. तुह्यासारखं माणूस विसरायले त्याले आठेक किलोमीटर लागतात. तुही आई चालवते तीन. ते तुले विसरून राहिलं असते, तेवढ्यात फूलबाजार येते."

मी म्हणाले, म्हणजे दोष माझाच का. ते म्हणाले, सगळा नाही. आतलं तेल जुनं झालंय, गिअरबॉक्सच्या पोटातल्या क्लचच्या पट्ट्या झिजल्यात, त्या किती दाबायच्या याचा गिअरबॉक्सचा अंदाजही चुकलाय. तेल बदलू, मशीन लावून जुना अंदाज पुसू, मग नव्यानं शिकवू. "तेवढं माह्यं," म्हणाले. "उरलं ते तुह्यं." हे ऐकताना आईकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. ती मात्र आपले पाय बघत होती. तळव्यांना शेडमधली काळी माती लागली होती. "माह्या पायात खोट नाई मंग?" तिनं विचारलं.

"तुमच्या पायाले काई झालं नाई, ताई."

आमच्या घरात एवढा मोठा निकाल कुणी एवढ्या कमी शब्दांत दिला नव्हता. मी असते तर पाचशे प्रती काढल्या असत्या.

शिकवणी परतवाड्याच्या रस्त्यावर झाली. आई चालवणार, बुवा मागे डावीकडे, मी मागे उजवीकडे, तोंड बंद. ही अट लेखी नव्हती पण दोनदा बोलून दाखवली गेली. तेल तापेपर्यंत ते काहीच करू देईनात. मग एकेका गिअरमधून हळूहळू वर, हळूहळू खाली, रिकामा रस्ता पाहून पूर्ण थांबायचं, पुन्हा निघायचं. मागून ट्रॅक्टर येऊन पुढे गेला. मग सायकलवाला. मी खिडकीबाहेर बघत बसले आणि एका संत्र्याच्या बागेतली झाडं मोजली.

परतवाडा ओलांडून घाटाची पहिली वळणं आली. चढताना गाडीनं खालचा गिअर धरून ठेवला, वळणात बदलला नाही. "पाह्यलं? वळणात ते हालत नाई," बुवा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. वरून परत फिरलो. उतारावर गाडीला वेग यायला लागला तसं मी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली.

"आई, ब्रेक."

"गप," बुवा म्हणाले.

आईनं ब्रेकला हलकेच पाय लावला आणि उचलला. इंजिनाचा आवाज चढला, आणि कुणी मागून पदर धरावा तशी गाडी सावकाश झाली. आईनं स्टिअरिंगवरची पकड सैल केली. मग म्हणाली, "ही धरून राहिली मले."

"तुमी सांगतलं, तिनं ऐकलं," बुवा म्हणाले.

परत येताना त्यांनी आईला विचारलं, पाय इतका हलका कुठे शिकल्या. आई म्हणाली, "शेवंती तोडताना देठाले झटका दिला तं पाकळ्या सुटतात. दुसरं काय." बुवांनी हे दोनदा स्वतःशी म्हटलं. पुढे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला शेवंती तोडल्यासारखं पायडल दाबायला सांगायचे. त्या पोलिसालाही.

लग्नापर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं मी कबूल केलं होतं. आई रोज थंड गाडी काढायची, तीन किलोमीटर जायची, तीन यायची. झटका नाही. किल्ली खिळ्यावरून तिच्या पिशवीत गेली.

लग्नाच्या दिवशी पहाटे मी काय केलं ते लिहिताना अजून कान तापतात. आदल्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी पट्टे न मारता गतिरोधक बांधला होता आणि एक आजोबा स्कूटरवरून पडले होते. पत्रक रातोरात तयार. शिकवणीची मुलं येण्याआधी ते पोचायला हवं होतं. माझी स्कूटी पंक्चर. फक्त पंधरा मिनिटं, असं म्हणून मी आईच्या पिशवीतून किल्ली काढली. परत आले तेव्हा आई अंगणात उभी होती. ओल्या कपड्यांत गुंडाळलेले हार टोपल्यांत लावून ठेवलेले. चपला काढलेल्या. तिनं बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं.

"तापवली?"

मी मान हलवली. समाजाचा प्रश्न होता, असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, पण मिटलं.

"राहू दे मंग. चौकातल्या गर्दीत पुना झेप घेईन ते," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "हार एसटीनं नेते. तुह्या मामाले सांगजो, ढोरं सोडून दे म्हणा."

"आई, मले अर्धा घंटा दे."

मी चपला तिथंच टाकल्या आणि गाडी पुन्हा बाहेर काढली. मीटरवरचा आकडा पाहून घेतला. आठ किलोमीटर. आई चालवते तसं चालवायचं, म्हणजे गाडीला वाटलं पाहिजे की आईच आहे. राजापेठ जागी होत होती, दूधवाले, शिकवणीच्या दुचाक्या. मी अंगठा टेकवला. देठ, पाकळी, देठ, पाकळी. पहिल्या दोन किलोमीटरांत माझ्या मागे जितके हॉर्न वाजले तितके आयुष्यात वाजले नव्हते. एका पोरानं शेजारी येऊन खिडकीतून सांगितलं, "ओ काकू, बाजूले घ्या ना. बैलगाडी हाय का?" मी सव्वीस वर्षांची आहे. मी बाजूला घेतली.

तिसऱ्या किलोमीटरला एक आठवण आली. उन्हाळ्यात याच रस्त्यावर मी स्कूटीवर होते आणि एका मुंगीच्या चालीनं जाणाऱ्या गाडीमागे अडकले होते. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. गाडी बाजूला झाली, मी पुढे निघताना आत पाहिलं. आई होती; घरचीच गाडी मला घाईत ओळखू आली नव्हती. तिनं मला आधीच आरशात ओळखलं होतं आणि तरी मुकाट्यानं बाजूला घेतली होती. घरी आम्ही दोघींनी हा विषय कधी काढला नाही. त्याच आठवड्यात मी 'हॉर्नद्वारे होणारा महिला वाहनचालकांचा छळ' हे पत्रक लिहिलं होतं. तीन मागण्या होत्या.

पाचव्या किलोमीटरला गाडी लवकर गिअर टाकायला लागली. सातव्याला पाय उचलला तरी अडेना. आठ झाले, मी आणखी एक जास्तीचा केला, माझं मलाच माहीत म्हणून.

दारात आईनं गाडीची मागची दारं उघडली. टोपल्या मागच्या सीटवर लावल्या, एक पुढे. माझ्यासाठी जागा नव्हती आणि ठेवायचीही नव्हती. ती बसली, अनवाणी पाय पायडलवर टेकवला आणि जराशी थांबली, जशी गाडीची परवानगी घेत असावी. गाडी निघाली. कोपऱ्यावरच्या त्या नव्या गतिरोधकावर सावकाश चढली, सावकाश उतरली आणि दिसेनाशी झाली.

मी एसटीनं गेले. अकोल्यापर्यंत उभी, अकोल्याहून तेल्हाऱ्यापर्यंत एका पोत्यावर बसून. मी पोचायच्या तासभर आधी आई पोचली होती. पुढचं मामेबहिणीनं सांगितलं. थोरले मामा मांडवातून बाहेर आले, गाडीभोवती एक फेरा मारला, पलीकडच्या खिडकीतून आत डोकावले.

"कोणं आणून सोडलं? डायवर कुठी गेला?"

"पाह्य, डिक्कीत असन," आई म्हणाली आणि हारांची टोपली त्यांच्या हातात दिली. मामांनी खरंच डिक्कीकडे पाहिलं, असं मामेबहीण शपथेवर सांगते. स्त्रीमुक्तीची एवढी घटना आमच्या घराण्यात घडली आणि मी त्या वेळी अकोटच्या स्टँडवर शेंगदाणे खात होते.

बुवांना जाऊन सगळं सांगितलं, पहाटेच्या चोरीसकट. ते फक्त म्हणाले, "हार कसे पोचले?" एकही पाकळी सुटली नव्हती. त्यांनी मान हलवली आणि एका गाडीखाली माझं गतिरोधकाचं पत्रक सरकवलं. ते दोन्ही बाजूंनी छापलेलं निघालं. त्यांनी ते परत दिलं.

पुढच्या वर्षी त्यांनी शेड बंद केलं आणि अकोल्याला मुलाकडे राहायला गेले. दारातल्या चपलांची रांग गेली, त्या जागी आता मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे. महिन्याभरापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आई आणि मी भेटायला गेलो, आणि मुलगा कामावर होता म्हणून त्यांना तपासणीला न्यायचं काम आमच्याकडे आलं. गाडी लावायला जागा नव्हती म्हणून मी घरात गेलेच नव्हते, स्टिअरिंगवरच बसून होते, चपला काढून. आई त्यांना हाताला धरून घेऊन आली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यातही मोतीबिंदू, वर काळा चष्मा. ते नेहमीसारखे मागे डाव्या खिडकीशी बसले, मांडी घातली आणि उरलेला डोळाही मिटून घेतला. आई माझ्या शेजारी बसली.

भर दुपारचं अकोला. मी अंगठा टेकवत राहिले. मागून गुडघ्यावरच्या टिचक्या ऐकू येत होत्या. दोन चौक मागे पडले. मग म्हणाले, "ताई, चांगलं चालवून राहिल्या तुमी. चौथा कधी आला मले समजलं नाई. पोट्टी कुठी आहे? आली नाई काय?"

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

काय सांगू. बुवांना पायावरून माणूस ओळखू आला नाही असं कधी झालं नव्हतं. एकही पत्रक न काढता मी जिंकले होते. मनातल्या मनात मी पुढच्या चौकापर्यंत बरीच फुगले.

त्या चौकात डावीकडून एक गाडी, इंडिकेटर न देता, थेट माझ्या नाकासमोर घुसली. माझा पाय आधी ब्रेकवर आणि मग, त्याला गाठायला, धाडकन पायडलवर गेला. गाडीनं एकदम दोन गिअर खाली घेतले, इंजिन किंचाळलं, माझा एक हात हॉर्नवर होता आणि दुसऱ्यानं मी काच खाली करत होते, कारण मला त्या माणसाला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते तीन मुद्द्यांत होतं.

मागच्या सीटवरून गुडघ्यावर दोन टिचक्या ऐकू आल्या.

"हां," बुवा डोळा न उघडता म्हणाले. "आली."